मॉड्यूल गेलंय, मॅडम!

टक-टक-टक-टक. आवाज आहे, आग नाही. आपल्याकडच्या बऱ्याच जाहीर सभांना हे वर्णन चपखल बसेल, पण मी आपली माझ्या ओट्यावरच्या गॅस शेगडीबद्दल बोलतेय. तीन बर्नर, वर काळी काच, काचेवर सोनेरी फुलांची वेल (कशाला? कढईला करमणूक म्हणून?) आणि खोक्यावर ठसठशीत अक्षरांत 'ऑटो इग्निशन'. नॉब दाबा, फिरवा, ज्योत हजर. दुकानदारानं हे प्रात्यक्षिक अशा काही हातवाऱ्यांनी केलं होतं, की मला वाटलं आता हा बर्नरमधून कबूतरही काढणार.

दोन वर्षांनी मधला बर्नर संपावर गेला. डावा पेटतो, उजवा पेटतो, मधला मात्र नुसता टकटकतो.

तुम्ही म्हणाल, मग लायटर घ्यायचा की हातात! घेतलाच. जालन्यात ज्या-ज्या घरात मी ऑटोची शेगडी पाहिली, तिथं ओट्याशेजारी खिळ्याला एक साधा लायटर लटकलेला दिसलाच. सवतीसारखा. नवी आली, तिचे लाड झाले, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना ती दाखवून झाली आणि कामाला पुन्हा जुनीच. मी पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. 'स्वयंचलित' या शब्दाचा विग्रह मला झोपेतही करता येतो. ही शेगडी स्वतः चालत नाही. ती मला चालवते. ओट्यापासून खिळ्यापर्यंत, खिळ्यापासून ओट्यापर्यंत.

सेवा केंद्राला फोन लावला. केंद्र जालन्यात नव्हतं, भारतात असावं. माझा फोन त्यांच्यासाठी किती महत्त्वाचा आहे, हे एका बाईनं मला हिंदीतून इतक्या वेळा सांगितलं, की मला लाजल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी छत्रपती संभाजीनगरहून 'इंजिनिअर' आला. शर्टाच्या खिशावर तसं भरतकाम होतं म्हणून कळलं. वय बावीस-तेवीस. माझ्याच एखाद्या वर्गातला वाटावा असा. ऊन मी म्हणत होतं, त्याला आधी पाणी दिलं. त्यानं नॉब तीनदा फिरवला, वैद्यानं नाडी पाहावी तसे डोळे मिटले आणि निदान केलं.

"मॉड्यूल गेलंय, मॅडम."

"कुठं गेलं?"

"म्हणजे खराब झालंय. पूर्ण बदलावं लागेल. सोळाशे. व्हिजिटचे चारशे वेगळे."

"बाळा, या शेगडीत मॉड्यूल किती?"

"एकच असतं."

"आणि पेटतात किती बर्नर?"

"दोन."

"मग ते दोन कुणाच्या जिवावर पेटतात?"

तो गप्प. मग फार गंभीरपणे म्हणाला, "तेपण जाणार आता, मॅडम."

न्यायशास्त्रात याला हेत्वाभास म्हणतात. कंपनीत याला टार्गेट म्हणतात.

मी नको म्हटलं. त्यानं जॉब कार्डावर लिहिलं, 'मधला बर्णर. मॉडूल फॉल्टी. कस्टमर रिफ्यूज.' सहीसाठी कार्ड माझ्यापुढं केलं. पर्समध्ये लाल पेन अजून असतो. सवय जात नाही. 'बर्णर'चा ण सुधारला, 'मॉडूल'ला य जोडला, मग सही केली. 'रिफ्यूज' राहू दिलं. तेवढं खरं होतं. त्यानं काच उचलली नव्हती, बर्नरचं झाकण काढलं नव्हतं, खालचा सेलसुद्धा पाहिला नव्हता. चारशे रुपये घेऊन माणूस माझ्या शेगडीचं दर्शन घेऊन गेला. राजूरच्या गणपतीला जाऊन-येऊन, नारळ फोडून एवढे लागत नाहीत.

आता आमच्या ह्यांचं ऐका. बदनापूर तालुक्यात आमची मोसंबीची बाग आहे. शेतीची लाइट रात्रीची. रात्री दोनला मोटार बंद पडली, तर हे दातांत टॉर्च धरून स्टार्टर खोलतात, कॉन्टॅक्ट घासतात, फ्यूजला तार गुंडाळतात, आणि हे सगळं थ्री फेजच्या चारशे व्होल्टांशेजारी, ओल्या चपला घालून. तिथं कंपनीचा माणूस आठवत नाही. पण ओट्यावरची, दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलवर चालणारी वस्तू बिघडली की आवाज एकदम वडीलधारा होतो: "तू हात लावू नको. गॅस आहे तो."

गॅस आहे तो! चाळीस वर्षं रोज सकाळी पाचला मी काय लावत होते मग, उदबत्ती? चालू स्थितीत ते 'बायकांचं', बिघडलं की 'तज्ज्ञांचं'. मधल्या अवस्थेला घरातल्या पुरुषाचा स्पर्श वर्ज्य. मोटार दुरुस्त केली की पारावर सांगता येतं. बर्नर दुरुस्त केला हे कुठल्या पारावर सांगणार?

हे एकटे नाहीत. गावच तसं. या जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळया ओढतात. भट्टीत दीड हजार अंशांच्या वर पोलाद पाण्यासारखं हलतं. याच गावात १९६४ साली महिको उभी राहिली आणि संकरित बियाणं देशभर गेलं. 'जालना सोने का पालना' असं आम्ही पाहुण्यांना न विचारता सांगतो. आणि त्या सोन्याच्या पाळण्यात चार मिलिमीटरची ठिणगी पाडायला परगावाहून भरतकाम केलेला शर्ट येतो.

सासूबाई जाफराबादकडच्या. नव्वदीला टेकल्यात, पण कान शाबूत. पलंगावरून म्हणाल्या, "काहून एवढं? आमच्या वक्ताला रातीला राखंत इस्तू दाबून ठेवायचो. सकाळी राख सारली, फुकणी मारली, की लागला जाळ." घ्या. सेल नाही, मॉड्यूल नाही, व्हिजिट नाही. ऑटो इग्निशन म्हणायचं तर ते. (चुलीचे गोडवे मात्र मी गाणार नाही, आणि सासूबाईही गात नाहीत. ज्यांना चुलीवरच्या भाकरीची फार आठवण येते, ते त्या भाकरीच्या कोणत्या बाजूला बसलेले असायचे, ते एकदा विचारून बघा.)

त्या रात्री जेवणं उरकली, हे बातम्यांपुढं बसले, आणि मी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला. आधी ते. नंतर बाकीचं शौर्य. एक बर्नर थोडा वेळ पेटवून नळीतला उरलासुरला गॅस जाळून टाकला, शेगडी गार होऊ दिली, झाकणं काढली आणि स्वयंपाकघरातला दिवा मालवला.

अंधारात नॉब दाबला. डावीकडं पिनच्या टोकावरून बर्नरवर निळी ठिणगी, टक. उजवीकडं तशीच, टक. मधल्या पिनच्या टोकावर काळोख. पण खाली, जिथं पांढरी चिनी मातीची नळी पत्र्यातून वर येते, तिथं निळं काहीतरी लुकलुकत होतं. पुन्हा दाबला. पुन्हा तिथंच. मला मोठ्यानं हसू आलं. ठिणगी होती! रोज हजर होती, वेळेवर होती, फक्त भलत्याच ठिकाणी काम करत होती. प्रतिनियुक्तीवर गेलेल्या मास्तरासारखी. पगार या शाळेचा, सेवा त्या कार्यालयात, आणि वर्ग मोकळा.

कारण इतकं साधं आहे की सांगताना संकोच वाटतो. सेलमधले दीड व्होल्ट त्या मॉड्यूलच्या डबीत साठवतात, पिटुकल्या ट्रान्सफॉर्मरमधून फटकन सोडतात आणि त्याचे काही हजार व्होल्ट होतात. तेवढे लागतातच, कोरड्या हवेतून उडी मारायची तर मिलिमीटरला साधारण तीन हजार व्होल्ट मोजावे लागतात. चार मिलिमीटर म्हणजे बाराएक हजार. (विजेचा झोत क्षणाचा आणि किरकोळ असतो म्हणून माणूस मरत नाही, पण बोट लावलंत तर मामा आठवेल. सेल काढल्याशिवाय खाली हात घालू नका.) ती वीज पत्र्यात पळून जाऊ नये म्हणून पिनेभोवती चिनी मातीची नळी. आता त्या नळीवर आमटी उतू जाते. आमटीत मीठ. ती वाळते, तिची खरपुडी होते, पावसाळी हवेत किंवा कुकरच्या वाफेनं ती ओलसर होते, आणि विजेला बारा हजार व्होल्टांची उडी मारण्याऐवजी मिठाची पायवाट मिळते. विजेचा स्वभाव आपल्याच लोकांसारखा. मागच्या दारानं जाता येत असेल तर रांगेत कोण उभं राहील?

आमटी मीच उतू घातली होती. कबूल. मॉड्यूलनं नाही.

सेल काढला. जुना टूथब्रश घेतला, कोरडाच. खरपुडी निघाली. मग घट्ट पिळलेल्या फडक्यानं नळी पुसली, कोरड्यानं पुसली, पिनचं टोक पॉलिश पेपरनं हलकंसं घासलं. बर्नरची भोकं टाचणीनं मोकळी केली. त्यात निम्मं ज्वारीचं पीठ, निम्मी दुधाची साय. पिन वाकवायला गेले नाही, चिनी माती तडकते. तडकलेली असती तर मात्र ती पिन बदलावी लागली असती. तरीही पिनच, मॉड्यूल नव्हे. झाकण बसवताना लक्षात आलं, की मी गेले कित्येक दिवस ते घासून उलट-सुलट कसंही ठेवत होते. त्याला खाच असते. खाचेत बसलं नाही, तर पिन आणि बर्नर यांतलं अंतर वाढतं, आणि ठिणगी बिचारी काठावर उभी राहून विचार करते.

तुम्ही शहाणे आहात म्हणून सगळं गुपित सांगून टाकते. आवाजच येत नसेल, तर आधी सेल बदला. आवाज मलूल, रेंगाळत येत असेल, तरी सेलच. आवाज येतो, एकाच बर्नरला ठिणगी नाही, तर पिन आणि तिची वायर. ठिणगी दिसते पण पेटत नाही, तर भोकं आणि झाकण. झालं. एवढ्या शास्त्रासाठी खिशावर भरतकाम लागत नाही.

शेगडीबरोबर आलेलं माहितीपत्रकही त्या रात्री मी काढलं. अहाहा. 'ज्वाला प्रज्वलित होण्यास अयशस्वी झाल्यास' अशी सुरुवात. अयशस्वी ज्वाला! तिला पुन्हा परीक्षेला बसवावं का? पुढं ठळक अक्षरांत: 'वापरकर्त्याने कोणत्याही परिस्थितीत दुरुस्तीचा प्रयत्न करू नये.' आणि दोन पानं उलटली की बारीक अक्षरांत: 'प्रज्वलन इलेक्ट्रोड नियमितपणे स्वच्छ व कोरडे ठेवावे.' म्हणजे मी तेच केलं, तर एका पानानुसार ती दुरुस्ती, म्हणून गुन्हा. दुसऱ्या पानानुसार ती स्वच्छता, म्हणून कर्तव्य. फरक एवढाच, की कर्तव्याचे पैसे मिळत नाहीत आणि गुन्हा कंपनीनं केला तर सोळाशे मिळतात.

दिल्लीपर्यंत ही गोष्ट पोचली आहे म्हणे. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं अशी चार क्षेत्रं धरली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, 'राइट टू रिपेअर'चं पोर्टलही सुरू झालं. हक्क दिल्लीतून निघालाय. समृद्धी महामार्ग झालाय, पोचेल.

पण खरी थोरवी खिळ्याला लटकलेल्या सवतीची. तिला सेलही लागत नाही. आत एक छोटी हातोडी असते, स्प्रिंगवर ताणलेली. अंगठा दाबला की ती एका खास सिरॅमिकच्या तुकड्यावर आपटते आणि त्या एका दणक्यातून हजारो व्होल्ट निघतात. काही स्फटिक दाबले की त्यांवर वीज उमटते, हे १८८० साली झाक आणि पिएर क्युरी या फ्रेंच भावांनी दाखवलं. क्वार्ट्झ, टूर्मलीन, आणि गंमत म्हणजे उसाची साखर! म्हणजे अंबड-घनसावंगीच्या कारखान्यांतून पोत्यांनी निघणाऱ्या साखरेच्या दाण्यातही ही खुबी आहे. आपण तिच्यातून फक्त आमदार काढले.

यातल्या पिएरची बायको मारी. भावांनी याच तत्त्वावर केलेलं क्वार्ट्झचं मापनयंत्र तिनं उचललं आणि किरणोत्सर्ग मोजला. १९०३ च्या नोबेलसाठी आधी नाव सुचवलं गेलं ते पिएरचं आणि बेकरेलचं. बाई गाळल्या. नवऱ्यानं पत्र लिहून हरकत घेतली, तेव्हा तिचं नाव आत आलं. हे जरा ध्यानात ठेवा.

आणि लायटर म्हणजे आधुनिक, काडेपेटी म्हणजे जुनाट, असं तोंड वाकडं करून सांगणाऱ्या दुकानदारालाही एक निरोप द्या. डोबरायनर नावाच्या जर्मन रसायनज्ञानं हायड्रोजन आणि प्लॅटिनमवर पेटणारा लायटर केला १८२३ मध्ये. इंग्लंडातल्या जॉन वॉकरची घासून पेटणारी काडी त्यानंतर तीनेक वर्षांनी आली. वयानं काडीच धाकटी. आणि स्वाभिमानीही, चौदा वर्षं एक रुपयावर राहिलेली काडेपेटी १ डिसेंबर २०२१ ला कुठं दोन रुपयांची झाली. तिचं मॉड्यूल जात नाही.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेणार नाही. शेगडी आडवी करताना मागची रबरी नळी हाताला लागली. तिच्यावर साल छापलेलं असतं. पाच वर्षं झाली की ती बदलायची. माझ्या नळीची मुदत संपून आठ महिने झाले होते. माझी चूक, शंभर टक्के. पण तो इंजिनिअर? 'अधिकृत', 'प्रशिक्षित', 'आपल्या सुरक्षेसाठी कटिबद्ध' ही सारी विशेषणं ज्याच्या शर्टावर आणि कार्डावर होती, त्यानं त्या नळीकडं ढुंकूनही पाहिलं नाही. जी वस्तू खरोखर घर उडवू शकते ती त्याच्या यादीत नव्हती. जी फार तर मला खिळ्यापर्यंत चालवते, तिचे सोळाशे.

नळी मी स्वतः बदलली नाही. वितरकाकडून माणूस बोलावून बदलून घेतली, साबणाच्या फेसानं जोड तपासून घेतला. नॉबखालचा कॉक, जेट, रेग्युलेटर, यांनाही मी हात लावत नाही. तिथं गॅस असतो; पिनेत फक्त ठिणगी असते. हा भेद पाचवीतल्या पोराला समजतो. आणि नॉब सुरू ठेवून टकटक-टकटक करत बसण्याचा हट्ट तर मुळीच नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तो ओट्यावरून खाली उतरून जमिनीलगत पसरतो, आणि मग उशिरा आलेली ठिणगी सगळा हिशेब एकदम चुकता करते. दोन-तीनदा पेटला नाही तर नॉब बंद, खिडकी उघडी, थोडा दम. वास रेंगाळला तर दिव्या-पंख्याच्या बटणांना हात न लावता रेग्युलेटर बंद करायचा, बाहेर जायचं आणि १९०६ ला फोन. त्या नंबरवर तुमचा फोन खरोखर महत्त्वाचा असतो.

रात्रभर झाकण उघडं ठेवून मी सगळं वाळू दिलं. सकाळी पाचला सेल घातला, रेग्युलेटर सुरू केला, मधला नॉब दाबला. टक. एकच. निळी ज्योत गोल फिरून उभी राहिली. सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "लागला का इस्तू?" म्हटलं, लागला.

खर्च: टूथब्रश जुना, फडकं जुनं, पॉलिश पेपर ह्यांच्याच मोटारीच्या डब्यातला, टाचणी सासूबाईंच्या लुगड्याची. शिवाय चारशे रुपये दर्शनाचे. ते आठवले की अजून टकटक होतं.

रविवारी ह्यांचे मावसभाऊ सहकुटुंब आले, परतूरहून. वहिनींना शेगडीची काच आवडली. त्यांची तसलीच आहे, तिचा एक बर्नर लागत नाही, कंपनीचा माणूस मॉड्यूल गेलंय म्हणतो. हे खुर्चीतून उठले, स्वयंपाकघरात आले (मी घड्याळ पाहिलं, सव्वापाच), मधला नॉब दिमाखात फिरवला. टक. ज्योत. भाऊजींकडं वळून म्हणाले, "आपलीपण अशीच बंद पडली होती. काही नसतं त्यात. घरीच दुरुस्त केली."

कर्मणी प्रयोग. कर्ता अध्याहृत.

मी चहा ठेवला. मधल्या बर्नरवर.